पावणेतीन नव्हे, १४४७

२०२३च्या सप्टेंबरमध्ये एका रात्री समोरच्या घरी अँब्युलन्स आली. स्ट्रेचर धरणाऱ्या दोघांपैकी एक जण आमच्या गावातल्या वाचनालयात पुस्तकं देणाऱ्या बाई होत्या. न्यू जर्सीतल्या या गावात अकरा वर्षं राहूनही मला ठाऊक नव्हतं की इथली अँब्युलन्स गावातलीच माणसं, पगार न घेता, चालवतात. जास्त गंभीर रुग्ण असला की हॉस्पिटलचे पॅरामेडिक वेगळ्या गाडीतून येतात, पण दाराशी पहिलं पोचतं ते बहुतेक वेळा हे पथक. पुढच्या आठवड्यात मी वाचनालयात जाऊन त्यांना विचारलं, "मला येता येईल का?" तेव्हा मी ४६ वर्षांची होते आणि रक्त पाहिलं की मला थोडं गरगरायचं.

हे लिहिते आहे ते माझ्यासारख्या कुणाला असंच काही करायचं असेल तर सुरुवातीचे महिने कमी चाचपडत जावेत म्हणून. त्यातही घड्याळाबद्दल मी जरा जास्तच लिहिणार आहे. तयारीतली सगळ्यात किरकोळ वाटलेली गोष्ट तीच होती आणि माझा सगळ्यात जास्त वेळ तिनेच घेतला.

आधी कागदपत्रं. सप्टेंबरअखेर पथकाचा अर्ज भरला. मग पार्श्वभूमी तपासणीसाठी बोटांचे ठसे. त्याची तारीख मिळायला अडीच आठवडे लागले आणि माझे ठसे नीट न उमटल्याने ते दोनदा द्यावे लागले. (भांडी घासून बोटं गुळगुळीत होतात, असं तिथल्या मुलीने सांगितलं. जायच्या आधी दोन-तीन दिवस हाताला क्रीम लावा.) क्षयरोगाची चाचणी, हिपॅटायटिस बीच्या लशी, सीपीआरचं, म्हणजे बंद पडलेल्या हृदयासाठी छातीवर दाब द्यायला शिकल्याचं, कार्ड. फेमाचे (अमेरिकी सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे) आयएस-१०० आणि आयएस-७०० हे दोन ऑनलाइन कोर्स फुकट असतात, पण त्यासाठी आधी फेमाचा विद्यार्थी क्रमांक काढावा लागतो. तो काढून वहीत लिहून ठेवा, कारण तो पुढे वारंवार विचारतात. डिसेंबरमध्ये ईएमटीच्या, म्हणजे अँब्युलन्सवर प्रथमोपचार करणाऱ्यांच्या, वर्गात जागा मिळाल्याचं पत्र आलं. फी पथकाकडून भागली. ९ जानेवारी २०२४ला वर्ग सुरू झाला. मंगळवार-गुरुवार संध्याकाळी आणि एकाआड एक शनिवारी दिवसभर.

पत्रासोबत सामानाची यादी होती. स्टेथोस्कोप, पेनलाइट, कपडे कापायची कात्री, काळे बूट आणि 'सेकंद दाखवणारं घड्याळ'. घड्याळ तर हातात होतंच, पावलं मोजणारं. मी त्या ओळीपुढे टिकमार्क करून टाकला.

पहिल्याच नाडीला ते कामातून गेलं. आम्ही जोडीजोडीने एकमेकांची नाडी मोजत होतो. दोन बोटं समोरच्याच्या मनगटावर, डोळे घड्याळावर. सात-आठ सेकंदांत पडदा काळा झाला. मनगट झटकलं की पडदा उजळतो, पण मनगट झटकलं की बोटाखालची नाडी निसटते. ग्लव्ह घातल्यावर बोटाने टिचकी मारली तर त्याला कळेना. पडदा सतत चालू राहील अशी सोय करून पाहिली, तर दुपारपर्यंत चार्जिंग संपलं. नाडी, श्वास आणि औषधाच्या दोन डोसांमधलं अंतर मोजायला असं घड्याळ लागतं जे न सांगता, न हलवता, कायम दिसत राहील.

दुसरं घेतलं साधं डिजिटल, १८ डॉलरचं. हलकं, पाण्याला न घाबरणारं. त्यात दोष काहीच नव्हता, अडचण माझ्या डोळ्यांची आणि डोक्यातल्या गणिताची होती. चाळिशी लागल्यापासून बारीक आकडे दिसत नाहीत आणि सेकंदांचे आकडे तर तासाहून लहान असतात. शिवाय नाडी सापडते तेव्हा सेकंद नेमके ४७ झालेले असतात. तीस सेकंद मोजायचे म्हणजे १७वर थांबायचं. ठोके मोजता मोजता ही बेरीज मनात धरून ठेवणं मला जमेना. काट्याच्या घड्याळात बेरीज लागत नाही. काटा जिथून निघाला त्याच्या बरोबर समोर आला की अर्धं मिनिट झालं, तितकं डोळ्याला आपोआप दिसतं. श्वास मोजताना तर हे फारच उपयोगी पडतं. रुग्णाला आपण श्वास मोजतोय हे कळलं की तो वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी बघतोय असं भासवून हात तसाच धरायचा आणि नजर छातीवर ठेवायची. घड्याळाकडे फक्त डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचं. कोपऱ्यातून काटा दिसतो, आकडे दिसत नाहीत.

आमच्या वर्गातली विशीतली मुलं कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू वापरतात आणि त्यांचं उत्तम चालतं. तुमची नजर चांगली असेल तर तेच घ्या. उजवीकडचं बटण एकदा दाबलं की ते बारा तासांवरून चोवीस तासांवर जातं. हे सांगावं लागतं, कारण वर्गातल्या दोघांना ते महिनाभर सापडलं नव्हतं.

तिसरं घड्याळ फेब्रुवारीत घेतलं, ते आजही हातात आहे. पांढरी तबकडी, ठसठशीत काळे आकडे, लांब सेकंदकाटा, आणि बाराच्या आकड्यांच्या आत बारीक दुसरं वर्तुळ, १३ ते २४चं. चावी दाबली की सगळी तबकडी निळसर उजळते. टायमेक्सची ही इंडिग्लोची सोय रात्री अँब्युलन्समध्ये रेडियमच्या आकड्यांपेक्षा खूप बरी पडते. किंमत ४५ डॉलर. त्याचा पट्टा कापडी होता, तो काढून १२ डॉलरचा सिलिकॉनचा लावला. पट्ट्याच्या बाबतीत तडजोड करू नका. कापड आणि चामडं रक्त, उलटी, सगळं शोषून घेतं, आणि स्टीलच्या कड्यांच्या फटींत घाण बसते. सिलिकॉन पुसता येतो. प्रत्येक कॉलनंतर स्ट्रेचर पुसायच्या जंतुनाशक फडक्यानेच मी घड्याळही पुसते आणि डब्यावर जितकी मिनिटं ओलं ठेवायला सांगितलंय तितकी मिनिटं ओलं ठेवते. मोठ्या, टोकदार चावीचं घड्याळही टाळा, ग्लव्ह चढवताना त्यात अडकून फाटतो.

घालायचं कसं, तेही ठरवावं लागलं. माझी आई तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवायची, तिच्या पिढीतल्या अनेक शिक्षिका आणि नर्स ठेवायच्या तशी. मी तसं करून पाहिलं. रुग्णाचा हात डाव्या हाताने खालून धरला आणि उजव्या हाताची बोटं नाडीवर ठेवली की तबकडी थेट डोळ्यासमोर येते. मनगट वळवायला लागत नाही.

आता चोवीस तासांची वेळ. इथे तिला 'मिलिटरी टाइम' म्हणतात. आमच्या घरी ती रेल्वेची वेळ होती. बाबा भुसावळला गार्ड होते. गेली काही वर्षं त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण ते आजही स्वतःला गार्डच म्हणवतात. घरात आई म्हणायची साडेतीन, बाबा म्हणायचे पंधरा-तीस. रात्री ००:१०ची गाडी म्हणजे आदल्या रात्री स्टेशनवर जायचं, हे मला पहिलीत कळत होतं, कारण त्या एका शून्यावरून गाड्या चुकलेली माणसं बाबांनी फलाटावर पाहिली होती. म्हणून वर्गात ही वेळ शिकवली तेव्हा मी निर्धास्त होते. वाचायला खरंच जड गेलं नाही. ज्यांना जड जातं त्यांना सगळे सांगतात, दुपारी एकपासून पुढे बारा मिळवा. मी ज्यांना शिकवलं त्यांना दिवसातल्या खुंट्या ठोकायला सांगितल्या. १३०० जेवण, १५०० शाळा सुटते, १८०० दिवेलागण, २१०० निजानीज. खुंटी पक्की झाली की बेरीज सुटते. लिहिताना नेहमी चार आकडे, मध्ये टिंब नाही. सकाळचे सात-पाच म्हणजे ०७०५. पुढचं शून्य गाळलं तर वाचणारा थबकतो, एखादा आकडा राहिलाय का म्हणून. मध्यरात्र आमच्या नोंदीत ०००० आणि नवीन तारीख. २४०० नाही.

माझी चूक निघाली ती वेगळ्याच जागी. फेब्रुवारीच्या शेवटी सरावाच्या नोंदी तपासून इन्स्ट्रक्टर बाईंनी मला वर्ग सुटल्यावर थांबवलं. चौदा कागद समोर ठेवले. "यातल्या सगळ्या वेळा शून्याने किंवा पाचाने संपतात. या वेळा तू पाहिल्यास, की आठवल्यास?"

मी गप्प झाले. कागद खोटे नव्हते. मी प्रत्येक वेळी घड्याळ पाहिलं होतं. पण पाहिल्या क्षणी मनात उमटलं होतं ते 'पावणेतीन', आणि दोन मिनिटांनी लिहायला बसले तेव्हा त्या पावणेतीनचे मी प्रामाणिकपणे १४४५ केले होते. खरे होते १४४७. आपल्या भाषेत वेळ सव्वा, साडे, पावणे अशा पाटांवर बसते. दोन-तेरा झाले असं घरात कुणी म्हणत नाही, सव्वादोन म्हणतो. स्वयंपाकघरात ते योग्यच आहे. पण प्रथमोपचारात दोन मिनिटं हे एक माप आहे. छातीवर दाब देणारा माणूस दर दोन मिनिटांनी बदलतो. छातीत दुखणाऱ्याला जिभेखालच्या गोळ्यांमध्ये पाच मिनिटांचं अंतर लागतं. नवजात बाळाचा अपगार (त्याची तब्येत कशी आहे याचे गुण) पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला बघतात. आकडी पाच मिनिटांवर गेली तर ती वेगळी, जास्त धोक्याची स्थिती मानतात. रक्त थांबवायला टुर्निके आवळला तर वेळ तिथेच, त्याच्या पट्टीवर लिहायची, कारण पुढे सर्जनला पाय किती वेळ बिनरक्ताचा आहे हे तिथूनच कळतं. यातली कुठलीही वेळ पावणेतीन असून चालत नाही.

त्यावर मी दोन उपाय केले. एक, वेळ पाहिली की तोंडाने इंग्रजीतच उच्चारायची, 'फोर्टीन फॉर्टी सेव्हन'. मराठीत उच्चारली की ती पाटावर जाऊन बसते. माझ्या भाषेवर माझं प्रेम आहे, तरी हे लिहिते, कारण हे खरं आहे. दुसरा, डाव्या ग्लव्हच्या पाठीवर चिकटपट्टी लावून तिच्यावर पेनने लगेच लिहायची. लक्षात ठेवायची नाही.

बाबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला विचारलं, "पण तुझं घड्याळ कोणाच्या घड्याळाला लावलंयस?" रेल्वेत गाडी निघायच्या आधी गार्डने स्टेशनच्या घड्याळाशी आपलं घड्याळ लावायचं आणि ती वेळ ड्रायव्हरला द्यायची, असा नियमच आहे. मी दुसऱ्या दिवशी पथकाच्या कॅप्टनना विचारलं. आमच्याकडे स्टेशनचं घड्याळ म्हणजे डिस्पॅचचं, आम्हाला कॉलवर पाठवणाऱ्या केंद्राचं. आम्ही रेडिओवर 'पोचलो' म्हटलं की डिस्पॅचर वेळ परत बोलून दाखवतो, "१३२१." तीच वेळ कागदोपत्री खरी. हृदयाला शॉक देणाऱ्या एईडी यंत्राला स्वतःचं घड्याळ असतं आणि ते कित्येकदा काही मिनिटं पुढेमागे असतं. तिघांच्या तीन वेळा झाल्या तर शॉक आधी दिला की दाब आधी सुरू झाले, हेच नंतर कळत नाही. तेव्हापासून ड्यूटीवर आले की ऑक्सिजनची बाटली तपासायच्या आधी मी घड्याळ लावते.

हे मी किती गंभीरपणे घ्यायला हवं होतं ते १० मार्चला कळलं. त्या पहाटे उन्हाळी वेळेसाठी इथली घड्याळं एक तास पुढे गेली, ०२००चे ०३०० झाले. फोन आपोआप पुढे गेला. काट्याचं घड्याळ हाताने लावावं लागतं हे मी विसरले. सकाळी ०६००च्या निरीक्षण ड्यूटीवर माझ्या मनगटावर ०५०० होते. क्रू चीफने, म्हणजे त्या पाळीच्या प्रमुखाने, गाडी तपासतानाच ते पाहिलं आणि काही न बोलता स्वतःचं मनगट माझ्यापुढे धरलं. मी लावून घेतलं.

वर्ग मेअखेर संपला. राष्ट्रीय परीक्षेची फी तेव्हा १०४ डॉलर होती, तारीख १८ जून. परीक्षा संगणकावर असते आणि तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचे प्रश्न बदलत जातात. ७० ते १२० प्रश्न, दोन तास. माझी ७४वर बंद झाली तेव्हा मी संपले असंच मला वाटलं. गाडीत बसून रडले. दुसऱ्या दिवशी दुपारी पास झाल्याचं कळलं. राज्याचं कार्ड यायला आणखी तीन आठवडे लागले. त्या आठवड्यांत चौकशीचे फोन करून काही उपयोग होत नाही, संकेतस्थळावर आपलं नाव दिसायला लागलं की कार्ड येतंच.

ऑगस्टमधला एक कॉल सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललेलं आहे. शनिवार, १३१२ला निरोप, १३२१ला आम्ही दारात. भारतातून मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले आजोबा. चेहरा डावीकडे ओघळलेला, डावा हात उचलत नव्हता. सून सकाळी कामावर गेली होती, परत आली तेव्हा तिला ते असे दिसले. पक्षाघातात सगळ्यात आधी विचारतात तो प्रश्न म्हणजे शेवटचे ठीक कधी होते. गुठळी विरघळवणारं औषध त्या क्षणापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. सुनेने सासूबाईंना विचारलं. आजी म्हणाल्या, "साडेनऊपर्यंत तर फोनवर छान बोलत होते, मग पडले जरा." सुनेने सांगितलं, 'नाइन थर्टी'. क्रू चीफने ०९३० लिहिलं. म्हणजे जवळपास चार तास होऊन गेलेले.

मी आजींचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवत होते. त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं, त्यात अकराला सात-आठ मिनिटं कमी होती. माझ्या मनगटावर १३२३. माझी आई इथे आली होती तेव्हा तिनेही घड्याळ बदललं नव्हतं.

"आजी, हे घड्याळ इथल्या वेळेवर लावलंय का?"

"नाही गं बाई, घरचीच वेळ आहे. लेकीला फोन करायला बरं पडतं."

उन्हाळ्यात भारत आमच्या साडेनऊ तास पुढे असतो. त्यांचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे इथले १२००. आजोबांचा फोन उघडला, पुण्याचा कॉल ११५८ला संपलेला. क्रू चीफने ०९३० खोडून ११५८ लिहिलं, बाजूला आद्याक्षरं घातली, आणि हॉस्पिटलला रेडिओवर तीच वेळ कळवली. १३४९ला आम्ही पोचलो. पुढे काय झालं ते आम्हाला कळत नाही, या कामात बहुतेकदा कळत नाही. पण तेव्हापासून आमच्या पथकात पाहुण्या आईवडिलांच्या घरी गेलं की एक प्रश्न जास्तीचा विचारला जातो, घड्याळ कुठल्या देशाचं आहे? तुमचे आईवडील इथे असतील तर त्यांना एवढं सांगून ठेवा. घरचीच वेळ ठेवायची असेल तर खुशाल ठेवावी, फक्त वेळ सांगताना 'भारतातले' असं म्हणावं. आणि भिंतीवर एक घड्याळ इथलं असू द्या.

३ नोव्हेंबरची रात्र. घड्याळं एक तास मागे जायची रात्र, ०२००चे पुन्हा ०१०० होतात, म्हणजे एक ते दोन हा तास दोनदा येतो. आमची ड्यूटी २२०० ते ०६००. ०१४८ला कॉल आला, एक बाई घरात पडल्या होत्या. ०१५६ला पोचलो, ०१५८ला पहिला रक्तदाब घेतला. दुसरा घेतला तेव्हा डिस्पॅचच्या घड्याळात ०१०३ होते. ०१११ला निघालो आणि ०१२४ला हॉस्पिटल. टॅब्लेटवर नोंद भरताना सगळ्या रकान्यांना लाल चौकट आली, निघायची वेळ पोचायच्या आधीची कशी, म्हणून. क्रू चीफने वर्णनाच्या रकान्यात लिहिलं, 'वेळबदल झाला, ०१५८पर्यंत ईडीटी, ०१०३पासून ईएसटी', म्हणजे आधी उन्हाळी वेळ, मग हिवाळी, आणि सुपरवायझरना फोन करून कळवलं. मी माझ्या काट्यांना हात लावला नव्हता. मधेच घड्याळ मागे केलं असतं तर दोन रक्तदाबांमध्ये किती मिनिटं गेली हे मलाच सांगता आलं नसतं. हॉस्पिटलच्या नर्सला मी वेळा सांगितल्याच नाहीत, मिनिटं सांगितली. आम्ही पोचून २८ मिनिटं झाली, दुसऱ्या रक्तदाबाला २१. त्यांनी मान डोलावली, त्या रात्री बहुधा सगळेच तसं सांगत होते. गाडी पुसून झाल्यावर मी काटे मागे घेतले.

०६३०ला घरी येऊन भुसावळला फोन लावला. तिकडे संध्याकाळचे पाच. बाबांना हे सगळं सांगितलं. त्यांना रक्तदाबात रस नव्हता. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "एक तास दोनदा? मग रात्रीच्या गाड्यांचं काय करतात?"

मला माहीत नव्हतं. दुपारी झोपून उठल्यावर शोधलं आणि त्यांना पुन्हा फोन केला. अ‍ॅमट्रॅकच्या, म्हणजे इथल्या प्रवासी रेल्वेच्या, वेळेवर धावणाऱ्या रात्रीच्या गाड्या पुढच्या स्टेशनवर उभ्या राहतात, घड्याळ त्यांच्यापर्यंत येईपर्यंत.

"हां," बाबा म्हणाले, "बरोबर आहे. वेळेआधी गाडी सोडता येत नाही."